‘तर’ की ‘तरच’? पदवीच्या पहिल्या वर्षात भाषेचं भान आणि तर्क पक्का करण्यासाठी आठ आठवड्यांचा सराव

बारावीनंतर नागपुरात शिकायला आलेल्या, किंवा इथेच वाढून आता कॉलेजात पाय ठेवलेल्या मुलामुलींना एक वाक्य फार लवकर ऐकावं लागतं: ‘तुमचं रीझनिंग कच्चं आहे.’ मग कोचिंगचा क्लास लागतो, आकृत्यांची जाडजूड पुस्तकं येतात आणि सहा महिन्यांनी तीच चूक पुन्हा होते. कारण बहुतेक वेळा चूक तर्कात नसतेच. ती ‘च’, ‘ही’, ‘काही’, ‘किंवा’, ‘तर’, ‘नाहीत’ अशा बारक्या शब्दांवरून नजर घसरल्यामुळे झालेली असते. हा सराव त्या शब्दांपासून सुरू होतो, आणि तोही आपण घरी बोलतो त्या भाषेत. इंग्रजी नंतर येतं. क्रम उलटा केला तर प्रत्येक चूक ‘माझं इंग्रजी कच्चं’ या खात्यावर जमा होते आणि खरी जागा सापडतच नाही.

काय लागेल:

- दोनशे पानी वही. उजव्या पानावर वाक्य आणि उत्तर, डावं पान सुरुवातीला कोरं.
- पेन्सिल आणि दोन रंगांची पेनं. एक बारक्या शब्दांभोवती गोल करायला, दुसरं अटी अधोरेखित करायला.
- कॉलेजच्या सूचनाफलकावरच्या पाच-सहा नोटिसांचे फोटो. परीक्षा, शुल्क, हजेरी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, काहीही चालेल.
- आठवड्याला एक अग्रलेख किंवा वाचकाचं पत्र, तीनशे-चारशे शब्दांचं. मराठी आणि इंग्रजी आलटूनपालटून.
- एक मोठा शब्दकोश. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाला तर उत्तम. त्यात बोलीतले शब्दही सापडतात.
- रोज पंचवीस मिनिटं. रविवारी एकदम तीन तास बसून हे जमत नाही, कारण कान आणि डोळे हळूहळूच तयार होतात.

१. आधी स्वतःच्या बोलीचा नियम काढा (आठवडा पहिला)

नागपुरात ‘तो काय करून राह्यला?’ (तो काय करतोय?) असं सहज म्हटलं जातं आणि वर्गात आलं की तेच ‘अशुद्ध’ ठरतं. शुद्ध-अशुद्धाचा वाद बाजूला ठेवा. इथे बोली हा सरावाचा कच्चा माल आहे, आणि तो फुकट मिळतो.

पाच दिवसांत ऐकलेली वीस वाक्यं जशीच्या तशी लिहा. ‘मले नाही जमत’, ‘त्याले सांगजो’, ‘उद्या येजो’, ‘डोया दुखून राह्यला’. सुधारून लिहिलंत तर सगळा सराव वाया गेला. मग एकेका रूपाला प्रश्न विचारा. ‘करून राह्यला’ कुठे चालतं आणि कुठे कानाला खटकतं? ‘आत्ता’ घालून पाहा, ‘सध्या’ घालून पाहा, कायमच्या गोष्टीला लावून पाहा. पहाटे गच्चीवर उभं राहून ‘सूर्य उगवून राह्यला’ म्हणता येतं. पण भूगोलाच्या पेपरात ‘सूर्य पूर्वेकडे उगवून राह्यला’ लिहिलं तर हसू येईल. म्हणजे हे रूप नुसत्या वर्तमानकाळाचं नाही, चालू असलेल्या क्रियेचं आहे. तसंच ‘ये’ आणि ‘येजो’ यांचं. ‘उद्या येजो’ बरोबर वाटतं, मग ‘आत्ताच्या आत्ता येजो’ का अडतं? घरातल्या दोन मोठ्या माणसांना विचारा आणि त्यांचं उत्तर लिहून ठेवा. उत्तरं जुळली नाहीत तर तीही माहितीच आहे.

आता प्रमाण मराठीतलं एक जरा कठीण उदाहरण. ‘तिने आंबा खाल्ला’, ‘त्याने पोळी खाल्ली’. क्रियापद खाणाऱ्याच्या मागे न जाता खाल्लेल्या वस्तूच्या मागे गेलं. तुम्ही नियम लिहाल: भूतकाळात, कर्म असेल तर क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. लगेच उलटं उदाहरण शोधा. ‘ती गाणं शिकली.’ ‘तो वही विसरला.’ इथे कर्म आहे, काळ भूतच आहे, तरी क्रियापद कर्त्यामागे गेलं. मग ‘त्याने मुलीला पाहिलं’. इथे ते कोणाच्याच मागे गेलं नाही. नियम तीनदा दुरुस्त करावा लागतो, आणि हेच या पायरीचं काम आहे. नमुना पाहणं, अंदाज बांधणं, अंदाज मोडणारं उदाहरण शोधणं आणि अंदाज सुधारणं हे चारही टप्पे वहीत दिसले पाहिजेत.

नेहमीची चूक: विद्यार्थी व्याकरणाचं पुस्तक उघडून तयार नियम उतरवतात. सातव्या दिवसापर्यंत पुस्तक बंद ठेवा.

२. बारक्या शब्दांची दोन चित्रं काढा (आठवडे दुसरा आणि तिसरा)

या सरावाचा जीव इथे आहे, म्हणून दोन आठवडे. पद्धत एकच: वाक्य लिहा आणि ते खरं ठरेल अशी दोन वेगवेगळी चित्रं डाव्या पानावर काढा. दोन चित्रं निघाली तर वाक्य संदिग्ध आहे. मग प्रत्येक चित्राला एकच बसेल असं नवं वाक्य लिहा.

‘सगळे विद्यार्थी आले नाहीत.’ साठ जणांचा वर्ग घ्या. पहिल्या चित्रात वर्ग रिकामा आहे. दुसऱ्यात पंचेचाळीस जण बसलेत, पंधरा गैरहजर. वाक्य दोन्हीकडे चालतं. दुरुस्ती अशी: ‘एकही विद्यार्थी आला नाही’ आणि ‘काही विद्यार्थी आले, सगळे नाही’. इंग्रजीतल्या ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ या म्हणीतही हाच घोळ आहे. शब्दशः घेतली तर चकाकणारं काहीच सोनं नसतं असं होईल. म्हण पाठ असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

‘काही प्रश्न सोपे होते.’ बोलताना याचा अर्थ ‘सगळे नव्हते’ असा होतो, कारण सगळे सोपे असते तर बोलणाऱ्याने तसंच सांगितलं असतं. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ साली छापलेल्या निबंधात हेच मांडलं: आपण शब्दांपेक्षा जास्त ऐकतो, कारण समोरचा पुरेशी माहिती देतो आहे असं धरून चालतो. पण तर्काच्या पेपरात ‘काही’ म्हणजे फक्त ‘निदान एक’. सगळे असले तरी चालतं. विधान-निष्कर्षाच्या प्रश्नांत जाणारे बरेच गुण या एका शब्दापायी जातात. वहीत दोन रकाने करा, ‘गप्पांतला काही’ आणि ‘पेपरातला काही’, आणि दहा वाक्यं दोन्हीकडे लावून पाहा.

‘च’ ची जागा सरकवा. ‘मीच काल ग्रंथालयात गेलो’, ‘मी कालच ग्रंथालयात गेलो’, ‘मी काल ग्रंथालयातच गेलो’. पहिल्यात इतर माणसं वगळली, दुसऱ्यात इतर दिवस, तिसऱ्यात इतर जागा. प्रत्येक वाक्याखाली ‘काय वगळलं?’ एवढंच लिहा. ‘ही’ चं काम उलटं आहे. ‘रीनाही नापास झाली’ म्हणताना आणखी कोणीतरी नापास झालं आहे हे न सांगता गृहीत धरलं जातं. वादविवादात असं गृहीतक गुपचूप आत येतं आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही, कारण ते वाक्यात उघड दिसतच नाही.

‘किंवा’ पाहा. ‘पदवी किंवा पदविका असलेले अर्ज करू शकतात.’ दोन्ही असलेल्याला कोणी हाकलणार नाही. पण ‘चहा घेणार किंवा कॉफी?’ याला ‘दोन्ही’ असं उत्तर दिलं तर यजमान चमकतील. नियमातला ‘किंवा’ बहुधा पहिल्या जातीचा असतो, बोलण्यातला दुसऱ्या.

उरलेले प्रकार पटकन: ‘सागरने अमेयला त्याची वही दिली’ (कोणाची?) आणि ‘सागरने अमेयला आपली वही दिली’, ‘जुनी पुस्तकं आणि मासिकं’ (मासिकंही जुनी का?); ‘आम्ही जातोय’ आणि ‘आपण जातोय’. या शेवटच्या जोडीचा फरक हिंदी ‘हम’ आणि इंग्रजी ‘वी’ मध्ये पुसला जातो. नागपुरात हिंदी-मराठी सरमिसळ रोजचीच, त्यामुळे इंग्रजी उताऱ्याचं मराठी करताना ‘वी’ मध्ये वाचक धरला आहे की नाही, हे ठरवणं हा चांगला व्यायाम आहे.

३. नोटीस चिरून वाचा (आठवडा चौथा)

फोटो काढलेल्या नोटिसा आता बाहेर काढा. प्रत्येक नोटिशीला पाच प्रश्न: कोणी, कोणाला, कोणत्या अटीवर, केव्हापर्यंत, आणि नाही केलं तर काय? पहिल्याच प्रश्नावर अडखळाल, कारण कार्यालयीन मराठी ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘वगळण्यात येईल’ अशी चालते. कर्ता गायब. तो शोधून पेन्सिलीने वर लिहा: प्राचार्य, परीक्षा विभाग की विद्यापीठ? तक्रार कुठे न्यायची हे त्यावरच ठरतं.

मग अट. ही दोन वाक्यं शेजारी लिहा:

क) हजेरी ७५ टक्के असेल तर परीक्षेला बसता येईल.
ख) हजेरी ७५ टक्के असेल तरच परीक्षेला बसता येईल.

‘क’ हजेरी भरलेल्याला हमी देतं, कमी असलेल्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘ख’ कमी असलेल्याला अडवतं, पण भरलेल्याला हमी देत नाही. त्याचं शुल्क थकलेलं असू शकतं. गंमत अशी की लिहिणारे पुष्कळदा ‘क’ लिहितात आणि त्यांच्या मनात ‘ख’ असतं. म्हणून नोटिशीत ‘तर’ दिसला की खिडकीवर जाऊन दोन वेगळे प्रश्न विचारा: ‘हजेरी कमी असेल तर अजिबात नाही का?’ आणि ‘हजेरी पूर्ण असेल तर आणखी काही लागतं का?’

दुसरा सापळा ‘व’ आणि ‘नाही’ एकत्र आले की तयार होतो. सरावासाठी हे वाक्य घ्या: ‘ज्या विद्यार्थ्यांनी शुल्क भरले नाही व अर्ज सादर केला नाही, त्यांचे नाव यादीतून वगळण्यात येईल.’ एकाने शुल्क भरलं, अर्ज दिला नाही. त्याचं नाव राहील का? शब्दांप्रमाणे राहील, कारण वगळण्यासाठी दोन्ही गोष्टी राहिलेल्या हव्यात. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र बहुतेक ‘एक जरी राहिली तरी वगळू’ असं असणार. मग ‘किंवा’ हवा होता. चार ओळींचा तक्ता करा: दोन्ही केलं, फक्त शुल्क, फक्त अर्ज, काहीच नाही. प्रत्येकापुढे ‘राहील’ किंवा ‘वगळेल’ लिहा, आधी शब्दांप्रमाणे, मग हेतूप्रमाणे. जिथे दोन रकाने जुळत नाहीत, तिथेच गोंधळ होणार.

तारखांचं थोडक्यात: ‘१५ तारखेपर्यंत’ मध्ये १५ धरायची का, आणि कार्यालय बंद होईपर्यंत की रात्री बारापर्यंत, हे लिहिलेलं नसेल तर १४ हीच शेवटची तारीख समजा.

४. चार कार्डं (आठवडा पाचवा, दोन दिवस पुरे)

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलेलं कोडं देवनागरीत आणू. टेबलावर चार कार्डं: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे तपासायला नेमकी कोणती कार्डं उलटाल?

बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’. ‘४’ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम संख्येमागे स्वरच असतो असं कोणी म्हटलेलंच नाही. ‘७’ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम कोसळतो. वेसन यांच्या प्रयोगांत बरोबर उत्तर देणारे साधारण दहातले एकच असत.

आता हेच व्हेरायटी चौकात न्या. नियम: गाडी चालवत असेल तर लायसन्स हवं. चार जण: एक चालवणारा, एक मागे बसलेला, एकाकडे लायसन्स आहे, एकाकडे नाही. पोलीस कोणाला तपासेल? चालवणाऱ्याला, आणि ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला, तो गाडी चालवत होता का हे बघायला. इथे क्वचितच कोणी चुकतं. ग्रिग्ज आणि कॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये वयाच्या अटीचा असाच नियम दिला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी बरोबर निवड केली. म्हणून कोरडा नियम समोर आला की ‘हा नियम मोडणारा माणूस कसा दिसेल?’ असं विचारा आणि त्याला शोधा. नियम पाळणारे मोजत बसू नका.

वहीत असे सहा नियम तयार करा, तीन कोरडे आणि तीन ओळखीचे, आणि मित्रांना सोडवायला द्या. चुकलेल्याला उत्तर सांगण्याआधी त्याने ते का निवडलं ते लिहून घ्या. ते कारणच तुम्हाला हवं आहे.

५. युक्तिवाद पाच ओळींत उतरवा (आठवडे सहावा आणि सातवा)

परदेशी तर्कशास्त्रातल्या आकृत्यांआधी न्यायदर्शनातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले, युक्तिवादाचे पाच अवयव शिका. मराठी वाचकाला ते शब्द परके नाहीत.

प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे.
हेतू: कारण तिथे धूर आहे.
उदाहरण: जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात.
उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे.
निगमन: म्हणून तिथे आग आहे.

सगळा भार तिसऱ्या ओळीवर, म्हणजे व्याप्तीवर (‘जिथे हे, तिथे ते’ या नियमावर) असतो. ती उलटी करून पाहा: ‘जिथे आग तिथे धूर’. जुन्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याला मोडणारं उदाहरण देऊन ठेवलं आहे: लाल तापलेला लोखंडाचा गोळा. आग आहे, धूर नाही. धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. अशा लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. हा एक शब्द डोक्यात राहिला तर अर्धं काम झालं.

आता अग्रलेख घ्या. मुख्य दावा शोधा आणि पाच ओळींत लिहा. तिसरी ओळ लेखात बहुधा लिहिलेलीच नसते. ती तुम्हाला भरावी लागते, आणि भरताच लेख डळमळतो. समजा दावा असा: ‘इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा तर्क चांगला असतो, म्हणून माध्यम बदला.’ न लिहिलेली व्याप्ती: जिथे इंग्रजी माध्यम तिथे चांगला तर्क, आणि तो माध्यमामुळेच. उपाधी शोधा: घरात पुस्तकं, शिकवणी, शिकलेले पालक. या गोष्टी असलेली मराठी माध्यमाची मुलं बाजूला काढून पाहिली तर काय दिसेल? तेवढा प्रश्न लेखाच्या समासात लिहा. उत्तर हाती नसेल तर बनवू नका.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, विद्यार्थी दाव्याऐवजी विषय लिहितात: ‘लेख पाण्याच्या प्रश्नावर आहे.’ त्यावर हो किंवा नाही म्हणता येत नसेल तर ती प्रतिज्ञा नाही. दोन, जो लेख पटतो त्याची तिसरी ओळ कोणी तपासत नाही. म्हणून आठवड्यातला एक लेख मुद्दाम आपल्या मताचा निवडा आणि त्यावर दुप्पट वेळ घालवा.

हेत्वाभासांची, म्हणजे सदोष हेतूंची, नावं (सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित) इतक्यात पाठ करायची गरज नाही. नेट-सेटच्या (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांच्या) पहिल्या पेपरात भारतीय तर्कशास्त्राचा भाग आहे, तिथे ती लागतील. तोवर प्रत्येकाचं एक स्वतःचं उदाहरण वहीत जमलेलं असावं.

६. तिन्ही भाषांतून एकच वाक्य (आठवडा आठवा)

रोज एक अट मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहा. ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांची दिशा उलट आहे हे ‘तर’ आणि ‘तरच’ पक्के झाल्यावर आपोआप कळतं. ‘अनलेस’ दिसला की तो ‘नसेल तर’ असा फोडून लिहा, मगच पुढे वाचा. हिंदी-मराठीत सारखे दिसणारे, पण अर्थ वेगळे असलेले शब्द वेगळ्या पानावर ठेवा: शिक्षा, चेष्टा, आपत्ती, संसार, खाली. दोन्ही भाषा रोज बोलणाऱ्याची गफलत इथेच जास्त होते, कारण ओळखीचा शब्द कोणी शब्दकोशात बघत नाही.

७. गट: चार जण, पंचेचाळीस मिनिटं

एकट्याने दुसरं चित्र दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा गट. चारांपेक्षा जास्त नको. एक मराठी माध्यमाचा, एक इंग्रजी माध्यमाचा आणि एक घरी हिंदी किंवा दुसरी भाषा बोलणारा असेल तर वाद चांगला होतो. कॉलेजचा रिकामा वर्ग पुरतो. कोश आणि जुनी मासिकं चाळायची असतील तर सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघ आहे. १९२३ साली स्थापन झालेली संस्था.

वेळ अशी वाटा: दहा मिनिटं प्रत्येकाचं एक संदिग्ध वाक्य, वीस मिनिटं एक नोटीस किंवा लेख, दहा मिनिटं एक कोडं, शेवटची पाच नोंदी लिहायला. एका माणसाचं काम फक्त ‘हे वाक्यात लिहिलंय की तू धरून चाललास?’ एवढंच विचारणं. ही जबाबदारी दर आठवड्याला फिरवा, नाहीतर तो माणूस नकोसा होतो.

८. परीक्षेला जोडताना

यूजीसी-नेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीला गुणकपात नाही. तिथे एकही प्रश्न सोडू नका. संघ लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये (नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात) ८० प्रश्न, २०० गुण, पात्रतेला ३३ टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. तिथे अंदाज महाग पडतो. दोन्हीकडे उताऱ्यावरच्या प्रश्नात पर्याय आधी वाचा आणि त्यातल्या ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘च’ यांना गोल करा. मगच उतारा वाचा आणि तिथेही तितकंच ठाम म्हटलंय का ते पाहा. वास्तवात खरा असलेला, पण उताऱ्यात नसलेला पर्याय हे सगळ्यात जुनं आमिष आहे.

आठवा आठवडा संपला की पहिल्या चार आठवड्यांची डावी पानं झाकून उजव्या पानावरच्या वाक्यांची चित्रं पुन्हा काढा. ‘काही’ आणि ‘च’ जमले पण ‘तर-तरच’ अजून चुकत असेल, तर पुढे जाऊ नका. तिसऱ्या पायरीवर परत या, पाच नव्या नोटिसा घ्या आणि या वेळी चार ओळींचा तक्ता प्रत्येकीला करा. चुका पसरलेल्या असतील, एकाच शब्दावर अडलेल्या नसतील, तर बहुधा वाचण्याचा वेग जास्त आहे. दोन आठवडे प्रत्येक वाक्य ओठ हलवून वाचा, आणि वेळ लावणं तोवर बंद ठेवा.